पौर्णिमेला कोलंबो बंद

कोंब होता की नव्हता, हे चष्मा काढून, धोतराच्या सोग्याला पुसून, पुन्हा लावल्यावरही मल्हारींना ठरवता येईना. टेबलाच्या कडेला पत्र्याच्या ताटलीत तीन कांदे होते आणि त्यातल्या मधल्या कांद्याच्या मानेत, वाळक्या सालींच्या आत, काहीतरी हिरवट दिसत होतं... किंवा ती खालच्या टायरच्या दुकानाच्या हिरव्या पाटीची झाक असेल, खिडकीतून आलेली. बोट लावून बघावं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बघितलं नाही तर नाहीच ते. निदान आणखी थोडा वेळ नाही.

समुद्रापार जाणाऱ्या प्रत्येक मालातले तीन कांदे या ताटलीत राहायचे. मालक धनराजशेठच्या वडिलांनी घातलेली रीत. बोटीच्या पोटात जे होणार तेच इथं टेबलावर होणार — इथला कांदा कोरडा, टणक, तर तिथलाही तसाच. इथल्याला मऊपणा आला, काजळी धरली, तर तिकडे काय चाललं असेल ते समजावं आणि गिऱ्हाइकाला आधीच कळवावं. कळवण्याचं काम मल्हारींचं. इंग्रजी पत्रं लिहायला म्हणून ते नाशिकच्या द्वारका चौकातल्या या ऑफिसात आले तेव्हा केस काळे होते, टेलेक्स होता, आणि कोलंबोला ट्रंक कॉल लावायचा तर सकाळी नंबर नोंदवून दुपारपर्यंत खुर्ची सोडायची नाही. मग फॅक्स आला. आता हे यंत्र. यंत्रासमोर बसलं की त्यांना अजूनही परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटे, आणि कुठल्याही क्षणी कोणीतरी आतून येऊन विचारील, काय हो, काय पाहिजे?

आज सकाळी त्यांनी ते सगळ्यांच्या आधी येऊन उघडलं होतं. नेहमीसारखं. मोडेमची किरकिर थांबली, पत्रांची यादी उतरली, आणि कोलंबोच्या सेनारत्न्यांच्या पेढीचं एक पत्र वर आलं. तारीख कालची. काल, गुरुवारी — आषाढी पौर्णिमेला.

'सोमवारपासून आमच्या सरकारने बाहेरच्या कांद्यावरचा कर वाढवला आहे. आमचा स्वतःचा कांदा निघतो आहे. कंटेनर बोटीवर चढवू नका. कळवा.'

बस. वर 'माय डियर मिस्टर मल्हारी' नाही, खाली काही नाही. मल्हारींनी ते दोनदा वाचलं. कंटेनर बुधवारीच नाशिकहून निघालेला. बंदरात उभा. आजच्या संध्याकाळी बंदराचा दरवाजा बंद होणार, कंटेनर बोटीवर जाणार, बोट निघणार... आणि तिकडे पोचेल तेव्हा तो कांदा कोणी उचलणार नाही. तो तिथंच उष्म्यात उभा राहील. मोड येतील, पाणी सुटेल. गावोगावच्या कांदाचाळींतून निवडून, निवडून काढलेला माल.

सेनारत्न्यांनी हे कालच कळवलं होतं. आणि वाचायला मला काल सबंध दिवस होता.

त्यांनी पत्र मिटून टाकलं. यंत्रही बंद केलं. का बंद केलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मास्तर, च्या." भिकन ग्लास आदळत म्हणाला. भिकन ऑफिसचा सगळं काही होता — चहा, टपाल, गोण्यांची शिलाई, शेठची गाडी पुसणं. "त्या कांद्याकडं काय एवढं बघता? पोरगी बघायला आल्यावानी."

"काही नाही रे. हे बघ — याला कोंब दिसतो का तुला?"

भिकननं कांदा सरळ उचलला, अंगठ्यानं मान दाबली. मल्हारींच्या छातीत त्या अंगठ्याबरोबर दाब आला. "आता आषाढाची हवा हाय, मास्तर. आज नाय तं उद्या येईलच की. कांदा हाय त्यो, वीट नाय." आणि हसत हसत त्यानं तो पुन्हा ताटलीत ठेवला, पण उलटा, मान खाली करून. मल्हारींनी तो सरळ केला नाही.

पौर्णिमा... ही सवय त्यांना सेनारत्न्यांनीच लावली होती. अगदी सुरुवातीच्या काळात मल्हारींनी एक तातडीचा टेलेक्स केला होता आणि उत्तर दोन दिवसांनी आलं होतं, पत्रानं, निळ्या शाईत: 'महाशय, आपला टेलेक्स पौर्णिमेला आला. आमच्या देशात त्या दिवशी सगळं बंद असतं, खाटीकसुद्धा. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात असतो. कृपया गैरसमज नसावा.' ते पत्र मल्हारींनी कितीदा वाचलं असेल. शेवटी भीत भीत उत्तर लिहिलं की आम्हीही... आमच्या घरीही पौर्णिमा असते, आम्हीही पांढरे कपडे घालून जातो, माझी पत्नी खीर करते. लिहिल्यावर वाटलं, आगाऊपणा झाला. धंद्याच्या पत्रात कुणी खीर लिहितं का? पण उत्तर आलं — 'तर मग आपण दोघे एकाच दिवशी बंद असतो.'

तेव्हापासून हा नेम. धनराजशेठनीच एकदा सांगून टाकलं, "मास्तर, पौर्णिमेला तुमचं कोलंबो बंद ना? मग तुम्ही कशाला येता, खुर्ची गरम करायला? जा तिकडं." तेव्हापासून दर पौर्णिमेची सुट्टी. दुबईचं, मलेशियाचं काम बाकीचे बघत, कोलंबो मल्हारींचं.

काल ते त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याच्या विहारात होते. वर्षावासाचा पहिला दिवस, ग्रंथवाचनाला सुरुवात. शेजारी पत्नी लताबाई पांढऱ्या पातळात, बाहेर बारीक भुरभुर, आत उदबत्तीचा वास. डोळे मिटून बसताना दर वेळी यायचा तोच विचार काल आला होता — की या घटकेला तिकडे समुद्रापलीकडे एक म्हातारा, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही, असाच बसलेला असेल. केवढी शांतता वाटली होती. आणि त्याच घटकेला इथं या बंद खोलीत, या बंद यंत्राच्या आत, ते पत्र येऊन पडलेलं होतं. दार न वाजवता. यंत्राला पौर्णिमा नसते, हे मला कळायला नको होतं? साधी गोष्ट. शाळेतल्या पोरालाही कळेल. एवढी पुस्तकं वाचली, आणि...

जिना वाजला. धनराजशेठ. त्यांच्या चपलांचा आवाज ओळखीचा होता, आणि आज मल्हारी त्यातली प्रत्येक पायरी मोजत होते.

"काय मास्तर, काय म्हणतंय कोलंबो?"

शेठ रोज हेच विचारत. उत्तरासाठी थांबतही नसत. आज मात्र थांबले, खिशातला रुमाल काढून मान पुसत. सांगावं. आत्ता. एका वाक्याचं काम. शेठ, एक चूक झाली... तोंड उघडलं, आणि मल्हारींना स्वतःचाच आवाज ऐकू आला —

"ठीक आहे, शेठ."

"बरंय. दिल्लीनं काही नवं काढलं नाही म्हणजे मिळवली. ह्यांचं काही खरं नाही, आज निर्यात उघडतात, उद्या झाकतात. तिकडं तरी बरं, तुमचे सेनारत्ने आहेत म्हणून." आणि ते केबिनमध्ये गेले.

तुमचे सेनारत्ने आहेत म्हणून. मल्हारींनी चहाचा ग्लास उचलला. वर साय धरली होती.

आता ही साधी चूक राहिली नव्हती. सकाळपर्यंत मी फक्त पौर्णिमा पाळली होती. आता मी खोटं बोललो होतो, शेठच्या तोंडावर, आणि बोट तर अजून निघायचीच होती. अजून वेळ आहे — हेच सगळ्यात भयंकर. बोट निघून गेली असती तर निदान रडता आलं असतं.

आणि खोटं बोलण्याची मला सवय नाही असं तरी कुठं आहे? तो फणस...

सेनारत्न्यांच्या स्वयंपाकघरामागं एक फणस होता. पत्राच्या शेवटी त्याची खबरबात असायची: यंदा फळ किती धरलं, कुठली फांदी शेजाऱ्याच्या कौलांवर गेली, त्यावरून शेजारी काय बोलला. मल्हारींना याच्या उत्तरात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. उपनगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेली कोरफड. एकदा लिहिता लिहिता हातून निघून गेलं — 'आमच्याकडेही फणसाचं एक झाड आहे.' मग ते झाड वाढत गेलं. सार्वजनिक वाचनालयात बसून त्यांनी शेतीच्या कोशातून फणसाचं सगळं वाचून काढलं. कुठल्या महिन्यात कोवळे गोळे लागतात, कुठली कीड पडते. झाडाला खोडावर फळं येऊ लागली, वादळात एक फांदी मोडली, लताबाई कुयरीची, कोवळ्या फणसाची, भाजी करू लागली. सेनारत्ने प्रत्येक पत्रात विचारत, 'तुमचा फणस कसा आहे?' आणि उत्तर लिहिताना मल्हारींना खरोखरच अंगणात सावली पडल्यासारखी वाटायची.

आता वर्ष होत आलं, फणसाची चौकशी आली नव्हती. पत्रं यंत्रातून यायला लागली आणि आखडत गेली. इतका भाव, इतका माल, कळवा. इकडचा बाजारभाव तर त्यांना तिकडे पडद्यावर दिसतो म्हणे, इथला लिलाव संपायच्या आत. मग यंदा रोपं कशी आहेत, पाऊस कुठं लांबलाय, हे मल्हारींनी कशाला लिहायचं आणि त्यांनी कशाला वाचायचं? यंत्रात पत्रं अशीच लिहायची असतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. त्यांचेही डोळे गेले असतील माझ्यासारखेच. वाईट एवढंच वाटायचं, की झाड आता कुणी विचारत नव्हतं, पण ते माझ्याच डोक्यात उभं होतं आणि त्याला पाणी मलाच घालावं लागत होतं.

दुपारी डबा उघडला नाही. ते खाली उतरले. द्वारकेच्या चौकात ट्रक, एसट्या, रिक्षा एकमेकांत अडकून भोंगे वाजवत होत्या. चांदवडकडून आलेला एक कंटेनर मुंबईच्या बाजूला वळायचा प्रयत्न करत होता आणि वळणं जमत नव्हतं. मागून कोणीतरी शिव्या देत होतं. मल्हारींना वाटलं, तो असाच अडकून राहावा. सगळेच कंटेनर. मग त्यांच्या मनात आलं, बंदरातल्या एजंटला आपणच परस्पर फोन केला तर? शेठचं नाव सांगून थांबवायला लावलं तर? पिवळ्या पाटीच्या टेलिफोन बूथमध्ये शिरून त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. आत घामाचा आणि कुणाच्या तरी अत्तराचा वास होता. एजंट विचारील, कोण बोलतंय? आणि मी सांगीन... काय सांगीन? इतक्या वर्षांत त्या एजंटनं माझा आवाज कधी ऐकला आहे? मी म्हणजे पत्राखालची सही. रिसीव्हरमध्ये नुसता एकसुरी आवाज येत राहिला आणि बाहेर उभ्या बाईनं काचेवर नाणं वाजवलं. "ओ आजोबा, लावायचाय का नाय फोन? नुसतं ऐकत काय बसलाय?"

ते बाहेर आले. पाय जिन्याकडे वळले. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटत होतं की मी काही सांगायला चाललेलो नाही, मी नुसता जागेवर बसायला चाललोय.

तेजल आली होती. धनराजशेठची मुलगी, पुण्याहून शिकून आली आणि तिनं पेढी त्या कुठल्याशा पोर्टलवर चढवली — कांद्याचे फोटो, द्राक्षांचे फोटो, 'भावासाठी इथे दाबा'. लहान होती तेव्हा याच टेबलाखाली बसून गोण्यांच्या सुतळीची बाहुली करायची. ती दुसऱ्या यंत्रासमोर फरसाण खात बसली होती.

"तेजल," मल्हारी म्हणाले, आणि पुढचं सगळं एकदम, श्वास न घेता बाहेर आलं — काल पौर्णिमा होती, पत्र कालच आलं होतं, मी उघडलं नाही, सकाळी वाचलं, सांगितलं नाही, शेठ विचारत होते तरी सांगितलं नाही, बोट संध्याकाळी, काहीतरी करा... बोलताना त्यांनी टेबलाची कड धरली होती.

तेजलनं फरसाणाची पुडी बाजूला ठेवली. "अहो काका! बसा आधी. भिकनदादा, पाणी आणा. काका, ते मी कालच केलं. घरून."

"घरून?"

"गंगापूर रोडला कनेक्शन आहे ना आपल्याकडे. कालच एजंटशी बोलले, कंटेनर थांबवून घेतलाय, तो आता मलेशियाच्या बोटीवर जाईल. पप्पांना माहितीये. कोलंबोलाही कळवलं, तेवढ्यात. तुम्ही दिवसभर हेच घेऊन बसला होता? मला विचारायचं तरी!"

शेठना माहीत होतं. सकाळी, रुमालानं मान पुसत ते थांबले होते तेव्हाही. मग 'ठीक आहे' ऐकून ते काहीच कसे बोलले नाहीत? की मास्तर काय बोलतो याकडे लक्ष देणंच त्यांनी कधीचं सोडून दिलं होतं?

"कोलंबोला... कोणाच्या नावानं कळवलं?"

"तुमच्याच. ते लोक तुमचंच नाव ओळखतात ना. तुमचाच पासवर्ड आहे की माझ्याकडे, मीच तर काढून दिला होता." ती हसली. "दर पौर्णिमेला मीच बघते, काका. तुमची पौर्णिमा कशाला मोडायची?"

चांगली पोर. किती चांगली पोर. मल्हारींनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. सुटलो, असं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही... पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, हळूहळू, विहिरीत खोल गेलेली बादली वर यावी तसं.

"मला दाखवतेस? म्हणजे... मी काय काय लिहिलंय ते."

तिनं माऊस फिरवला. पाठवलेल्या पत्रांच्या खान्यात मल्हारींची पत्रं होती. जी त्यांनी लिहिली नव्हती अशी. 'कन्फर्म्ड. रिगार्ड्स, मल्हारी.' 'नोटेड. मल्हारी.' नेमकी, नीटनेटकी, एकही चूक नसलेली. आपण मेलो आहोत आणि आपलं नाव ऑफिसात येऊन काम करून जातं, असं काहीसं. आणि मग माघ पौर्णिमेचं एक उत्तर आलं, खाली मूळ पत्र जोडलेलं. ते मूळ पत्र लांब होतं. 'माय डियर मिस्टर मल्हारी, माझी दृष्टी जवळजवळ गेली. हल्ली मी सांगतो आणि मुलगा टाइप करतो. त्याला घाई असते. या वर्षी आमच्या झाडाला फळ कमी आहे. तुमचा फणस कसा आहे? सविस्तर लिहा, मला वाचून दाखवतील.'

आणि वर, मल्हारींचं उत्तर: 'महोदय, सध्या आम्ही फणसाची निर्यात करत नाही. कांद्याचे ताजे भाव आमच्या वेबसाइटवर पाहावेत. आपला, मल्हारी.'

भिकन मागून डोकावून म्हणाला, "फणस? आपण कधी इकत व्हतो फणस?"

"एन्क्वायरी होती ना ती, म्हणून उत्तर देऊन वेगळ्या खान्यात टाकली मी," तेजल म्हणाली. मग तिनं मल्हारींकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "काका, काही चुकलं का माझं?"

"नाही गं. बरोबरच लिहिलंस." ते म्हणाले. "आपण कुठं फणस पाठवतो?"

ती केबिनकडे गेल्यावर ते आपल्या यंत्रासमोर बसले. मुलानं ते उत्तर वाचून दाखवलं असेल. मोठ्यानं, घाईघाईनं. आणि त्या अंधारात बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल — की झाड नव्हतंच? एवढी वर्षं नव्हतंच? की असं उत्तर देणारा मल्हारीच आता उरलेला नाही? त्यानंतर तिकडून आलेल्या एकाही पत्रात 'माय डियर' नव्हतं. ती रागावल्यामुळं आलेली पत्रं होती, की... त्या घरात आता फक्त मुलगाच होता, पौर्णिमा न पाळणारा? मुलगा लिहीत होता बापाच्या नावानं, तेजल लिहीत होती माझ्या नावानं, आणि धंदा बिनबोभाट चालला होता. कोणाचंच कुठं अडलं नव्हतं.

त्यांनी लिहायला घेतलं. 'माय डियर मिस्टर सेनारत्ने' — एवढंच टाइप करायला किती वेळ लागला. कंटेनर, कर, मलेशिया, सगळं सोडून दिलं. सांगावं का, की ते उत्तर माझं नव्हतं? मग हेही सांगावं लागेल की झाडही माझं नव्हतं... हात थांबले. शेवटी एवढंच उमटलं: 'आमच्या फणसाला यंदा फळ धरलं नाही. झाड मात्र उभं आहे. तुमचं कसं आहे?'

आणि त्यांनी बटण दाबलं. पत्र नाहीसं झालं. कुठं गेलं ते दिसलं नाही.

"काका, लाइन बंद करू का? पप्पांना त्याच लाइनवरून एजंटला फोन लावायचाय," तेजलनं आतून विचारलं.

"राहू दे थोडा वेळ," मल्हारी म्हणाले. या ऑफिसात त्यांनी कोणाला असं काही सांगितल्याचं त्यांनाच आठवेना.

आजवर त्यांना उत्तर न येण्याची भीती वाटायची. ट्रंक कॉलच्या खुर्चीवर, फॅक्सच्या गरम कागदासमोर, हीच एक भीती. आता ती जागची हलली होती आणि उलटी फिरून समोर उभी होती. उत्तर लगेच येऊ नये. एका मिनिटात येणारं उत्तर तरुण बोटांचं असेल. त्यात 'नोटेड' असेल, किंवा 'कोणतं झाड?' म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो. त्याला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं, मग तो गप्प बसतो, मग खिडकीकडे तोंड करून शब्द जुळवतो. चार दिवस लागू देत. पुढच्या पौर्णिमेपर्यंत लागू देत. जोवर काही येत नाही तोवर तो तिकडे बसलेला आहे, पांढऱ्या कपड्यात, आणि मीही इथं आहे.

मधला कांदा अजून भिकननं ठेवला तसाच, मान खाली करून पडला होता. मल्हारींनी तो उचलून सरळ केला. कोंब होताच, बोटाच्या पेराएवढा, ओला, हिरवा. सबंध दिवस अंधारात खाली तोंड करूनही वाढलेला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला नाही.

यंत्रानं आवाज केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक नवं पत्र आल्याची खूण लुकलुकू लागली.

दुबईचं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि डोळे त्या कोंबावरून उचलले नाहीत.